‘तिकडे परीक्षाच नसतात ना, ताई?’

मुलुंडहून बी.कॉम. करून इंग्लंडला मास्टर्ससाठी निघालीयेस आणि विचारतेस, ‘ताई, तिकडे परीक्षा नसतात, नुसत्या असाइनमेंट असतात ना? मग सोपं जाईल?’

व्हिसा, त्याची फी, बँकेत दाखवायचे पैसे, सगळं सरकारी साइटवर आहे. ते सोड. मार्कशीट मात्र आजच काढून बघ. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर भलतंच. या दोघी एकच, हे पटवायला मला अ‍ॅफिडेव्हिट करावं लागलं. ते घेऊन गेले तर खिडकीवरचे साहेब जेवायला. आले ते थेट चार वाजता, आणि म्हणाले, शिक्का गोल हवा. अजून आठवलं की डोकं फिरतं.

तर, सोपं नाही जाणार. माझ्या वेळी मुंबईत सगळा भर लेखी पेपरवर. आदल्या रात्री आयएमपी प्रश्न, झेरॉक्सवाल्याकडच्या नोट्स, आणि हॉलमध्ये सप्लिमेंटवर सप्लिमेंट. ‘तुला काय वाटतं?’ असं कॉलेजात कुणी विचारलं नाही, आणि माझंही त्यावाचून काही अडलं नाही. इथे इंग्लंडमध्ये पहिला निबंध परत आला तेव्हा समासात लिहिलं होतं, ‘हे पुस्तकाचं झालं. तुमचं म्हणणं काय?’ मार्क 58. फोनवर आई गप्पच झाली. इथे मास्टर्सला 50 ला पास आणि 70 ला डिस्टिंक्शन, हे तिला समजावताना मलाच रडू फुटलं.

संदर्भ काटेकोर दे. उचललेलं वाक्य टर्निटिन, म्हणजे नक्कल शोधणारं सॉफ्टवेअर, बहुधा दाखवतंच, आणि शब्द फिरवलेस तरी विचार कुणाचा ते लिहावं लागतं. गाइडमधलं जसंच्या तसं उतरवण्यावर आपण फर्स्ट क्लास काढले. इथे त्याला चोरी म्हणतात. शिवाय चॅटजीपीटी आल्यापासून काही विभाग पुन्हा हॉलमधल्या परीक्षेकडे वळलेत. मॉड्यूलच्या, म्हणजे प्रत्येक विषयाच्या, माहितीत कशाला किती टक्के, ते आधी वाच.

एकटेपणाचं तू विचारलं नाहीस. पेपर सुटला की आम्ही गेटबाहेर वडापाव खात ‘तिसऱ्यातला ब काय लिहिलास गं’ करत बसायचो. निबंध असा सुटत नाही. रात्री पोर्टलवर चढवायचा, पावतीचा ईमेल येतो, झालं. कुणाशी भांडणार? त्या वर्षी मला मैत्रिणींपेक्षा परीक्षेचीच जास्त आठवण आली, असं कधीकधी वाटतं.

आणि गंमत बघ. मुलगा लहान असताना इथल्या शाळेतल्या बाईंनी मला बोलावून ऐकवलं होतं, घरी पाठांतर करून घेऊ नका. आता तो जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला, आहे. 2015 पासूनच्या बदलांत बहुतेक विषयांचं कोर्सवर्क गेलं, इंग्रजी साहित्याच्या पेपरला पुस्तक नेता येत नाही, आणि पोरगा येरझाऱ्या घालत कवितांच्या ओळी घोकतोय. त्या बाईंना फोन करावासा वाटतो.

तू एक कर. निघायच्या आधी आवडीच्या विषयावर हजार शब्द लिही, गाइड न उघडता, आणि मला पाठव. शनिवारी मी मोकळी असते.