स्नायूंच्या झिजेवर काम सुरू करतोयस? आधी सी२सी१२ नीट वाढव

विषय चांगला निवडलास. कर्करोगात होणारी स्नायूंची झीज नुसतं जास्त खायला घालून भरून येत नाही, म्हणूनच हे काम महत्त्वाचं आहे. पण उंदीर आणि सिक्वेन्सिंग एवढ्यात नको. आधी सी२सी१२ पेशींवर (उंदराच्या स्नायूपासून मिळालेल्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या पेशी) हात बसू दे.

- सगळ्यात जास्त घात होतो तो प्लेट पेशींनी पूर्ण भरू दिल्याने. ६०-७० टक्के भरली की पेशी पुढच्या फ्लास्कमध्ये घ्यायच्या, रविवार असला तरी. दाटी झाली की स्नायू बनू शकणाऱ्या पेशी जुळून तंतू व्हायला लागतात आणि वाढत राहतात त्या न बनणाऱ्या. मग तंतू बनवण्यासाठी २ टक्के हॉर्स सीरम (घोड्याच्या रक्तातलं) घालून आठवडाभर थांबलास तरी लांब, अनेक केंद्रकांचे तंतू मिळत नाहीत. कमी पॅसेजच्या, म्हणजे कमी वेळा फ्लास्क बदललेल्या, पेशींच्या भरपूर व्हायल आत्ताच गोठवून ठेव.
- सी२६ कर्कपेशी (उंदराच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या) ज्यात वाढल्या ते माध्यम तंतूंवर घालताना कंट्रोल म्हणून ताजं माध्यम घेऊ नकोस. कर्कपेशींनी ग्लुकोज संपवलेलं असतं. तंतू उपासमारीनेच बारीक होतील आणि तुला वाटेल, ट्यूमरचा घटक सापडला! कर्करोग नसलेल्या पेशींवर तितकेच तास ठेवलेलं माध्यम घे. शेजारी डेक्सामेथासोनची (स्नायू झिजवणारं स्टेरॉइड) एक प्लेट हवीच, तिच्यात झीज दिसायलाच हवी.
- मायकोप्लाझ्मा (पेशींमध्ये नकळत वाढणारा जिवाणू) तपासणी दर महिन्याला.

ॲट्रोजिन-१ आणि मर्फ-१ (स्नायूंतली प्रथिनं तोडायला लावणारे दोन घटक) वाढले म्हणजे झीज सिद्ध झाली, असं लिहू नकोस. तंतूंची रुंदी मोज, आणि मोजताना कुठली प्लेट कुठली हे तुला ठाऊक नको. इनहिबिटर, सिग्नलिंग वगैरे नंतर. पहिले तंतू आले की फोटो पाठव, मिळून बघू.