भारूड म्हणायचं की विडंबन?

लातूरच्या एका वाचकाने विचारलंय : ‘आमच्याकडच्या एका पोराने गिटारवर गाण्यांचा अल्बम केलाय. मराठवाड्याची अस्मिता, अनुशेष, टँकर, पुढारी, सगळ्यांची टर उडवलीय. नाव दिलंय “नवी भारुडं”. आमचे सर म्हणतात, हे भारूड नव्हे, विडंबन. खरं काय?’

विडंबनाला आधी मूळ रचना लागते. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ घ्या. कुणाची खोडी काढलीय ते ठाऊक नसेल तर निम्मी गंमत गेली. या पोराच्या चाली स्वतःच्या, शब्दही स्वतःचे. तेव्हा विडंबन नाही.

भारुडाची खूण म्हणजे सोंग. पैठणच्या एकनाथांच्या (1533–1599) भारुडांत बोलतात ते गोंधळी, जोशी, बहिरा, विंचू चावलेला माणूस. भवानीला रोडगा कबूल करणारी सून सासऱ्याला गावीच खपव म्हणते, मग एकेकाला वाटेला लावते आणि शेवटी ‘एकटीच राहू दे मला’ म्हणते. माणसं हसतात, परमार्थ मागाहून ध्यानात येतो. (व्युत्पत्ती कुणी ‘बहुरूढ’वरून सांगतं, कुणी भारुंड पक्ष्यावरून. त्यात शिरत नाही.)

या मापाने अल्बममधलं टँकरवाल्याचं गाणं अस्सल भारूड आहे. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते बघून याच्या पोटात गोळा येतो आणि तो देवाला विचारतो, ‘माझंच पोट कामून मारू लालास?’ टँकरवाल्याला कुठंही शिवी नाही, तरी त्याचं सगळं बाहेर येतं. पुढाऱ्याचं गाणंही तसंच. ‘अनुशेष’ म्हणजे मागे पडलेल्या भागाच्या विकासाची थकबाकी; प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या 1984 च्या अहवालापासून गाजलेला हा सरकारी शब्द. पुढारी तो लाडक्या लेकीसारखा मिरवतो, तिला उजवायचं मात्र नाव काढत नाही.

‘आम्हाला मागास म्हणू नका’ या गाण्यात मात्र पोरगा सोंग उतरवून स्वतःच बोलायला लागतो. तो उपहास आहे, रागही खरा आहे, भारूड नाही.

परमार्थ नाही म्हणून सर अडून बसतील. पण दारूबंदीची, हुंडाबंदीची भारुडं गावोगाव होतात आणि त्यांना कुणी दुसरं नाव देत नाही.

बोलण्यात ‘काय भारूड लावलंय’ म्हणजे कंटाळवाणं लांबण. अल्बमचं शेवटचं गाणं त्याही अर्थाने भारूड आहे, एवढं त्या पोराला कळवा.