वाचकांचे प्रश्न : पारावर भेटलेले साठ जण

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात सुमारे ६०० घरे आहेत. शेतीकर्जावरील प्रबंधासाठी मी पारावर आणि कृषी केंद्रात भेटलेल्या ६० जणांकडून प्रश्नावली भरून घेतली. एवढा नमुना पुरेसा आहे का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : साठ ही संख्या लहान नाही, ते साठ जण कोण, हा खरा प्रश्न आहे. भरदुपारी पारावर बसायला सवड असलेली माणसे आपल्याला भेटली, पण कापूस वेचायला गेलेल्या बाया आणि मक्त्याने वावर करणारी कुटुंबे सुटली. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी टपालाने लोकांचा कौल घेतला; त्याच्याकडे वीस लाखांहून अधिक मतपत्रिका परत आल्या, तरी त्याचे भाकीत सपशेल चुकले आणि रूझवेल्ट निवडून आले; कारण मतपत्रिका पाठवलेल्यांच्या यादीत दूरध्वनी व मोटार बाळगणाऱ्यांचा भरणा होता, शिवाय असंख्य लोकांनी उत्तरच पाठवले नव्हते.

आपण सर्व घरांची यादी करून १ ते १० मधली एक चिठ्ठी उचलावी आणि तेथून प्रत्येक दहावे घर घ्यावे. कुलूप दिसल्यास शेजारच्या घरावर भागवू नये, दिवेलागणीला पुन्हा जावे. (हे कंटाळवाणे आहे, पण टळत नाही.) ‘सावकाराच्या जाचाला कंटाळलात का?’ या आपल्या चौथ्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले आहे. त्याऐवजी ‘गेल्या खरिपात पैसे कोणाकोणाकडून घेतले?’ असे विचारावे, आणि त्या वेळी सोसायटीच्या संचालकांना सोबत नेऊ नये.