वाचकांचे प्रश्न : मेरा पीकला जायचंय, पण किती दिवसांत?

गेल्या अंकात नेपाळमधल्या मेरा पीक या शिखराबद्दल मी चार ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स भरून गेला. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापत नाहीये, कारण दोघांनी स्पष्ट लिहिलंय की घरी अजून सांगितलेलं नाही!

ताई, माझे हिमालयातले केदारकंठा आणि हम्ता पास हे दोन ट्रेक झालेत. क्लाइंबिंगचा अनुभव शून्य. माहितीपत्रकात मेरा पीक 'बिगिनर फ्रेंडली' लिहिलंय. खरंच जाता येतं का? – सांगली

जाता येतं. मेरा म्हणजे बर्फाचा एक लांबच लांब उतार आहे, मधेमधे हिमभेगा असतात म्हणून सगळ्यांना एका दोरात बांधून चालवतात, आणि अगदी शेवटी टोकाखाली एक छोटा उभा टप्पा येतो तिथे लावलेल्या दोराला जुमार (दोरावर फक्त वरच सरकणारी पकड) अडकवून चढायचं, बस्स. खडक चढायचा नाही, बर्फाची भिंत नाही. क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लोखंडी काटे) घालून पाय फाकवून कसं चालायचं, आइस ॲक्स कुठल्या हातात धरायची, घसरलो तर काय करायचं, जुमार कसा सरकवायचा आणि उतरताना डिसेंडर (दोरावरून हळूहळू खाली यायचं साधन) कसा लावायचा हे वाटेतल्या खारे गावात शेर्पा अर्ध्या दिवसात शिकवतात आणि तेवढं पुरतं. हे शिखर पहिल्यांदा चढलं गेलं २० मे १९५३ ला, जिमी रॉबर्ट्स आणि सेन तेन्झिंग यांनी, म्हणजे एव्हरेस्टच्या बरोबर नऊ दिवस आधी.

पण 'बिगिनर' हा शब्द हातापायांपुरता आहे हे लक्षात ठेवा. हम्ता पास ४२७० मीटर, इथला हाय कॅम्प, म्हणजे शिखराआधीचा शेवटचा मुक्काम, ५८०० च्या आसपास. म्हणजे तुम्ही आजवर जिथे उभ्या राहिलात त्याच्या दीड हजार मीटर वर तुम्हाला झोपायचंय (झोप लागत नाही ती गोष्ट वेगळी). ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा होतो. बुटाची लेस बांधली तरी धाप लागते. म्हणून माझं मत असं की मधे एखादा पाच हजारी ट्रेक करा, आपलं शरीर वर गेल्यावर कसं वागतं ते कळतं, आणि मग मेरा.

दोन कंपन्यांचे कार्यक्रम आलेत. एक १४ दिवसांचा, एक १८ दिवसांचा. चौदावाल्याचे पैसे बरेच कमी आहेत आणि सुट्टीही वाचते. शिखर तर तेच आहे, मग फरक काय? – नाशिक

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय, म्हणून जरा पसरून लिहिते.

दोन्ही कागद समोर घ्या, पैशांचा रकाना झाका आणि फक्त कुठल्या रात्री किती उंचीवर झोपताय ते वाचा. विमानातून उतरून जिथून चालायला लागतो ते लुक्ला २८४० मीटरवर आहे. तिथून मेराकडे जायच्या दोन वाटा. छोटी वाट लुक्लाच्या डोक्यावरच्या झत्रवा ला खिंडीतून जाते, खिंड ४६०० मीटर, आणि पलीकडे तुली खर्कला मुक्काम, तो ४३०० च्या आसपास. म्हणजे काठमांडू सोडल्यावर तिसऱ्या रात्री तुम्ही चार हजारांच्या वर झोपणार. लांबची वाट दक्षिणेला वळसा घालून पैया, पांगोम, निंगसोवरून जंगलातून जाते, चढउतार भरपूर, पावसाळी वातावरण असलं तर जळवाही, आणि कोठेपर्यंत, जे ३६०० वर आहे, तुम्ही फारसे उंच जातच नाही. हे तीन-चार दिवस लोकांना फुकट गेल्यासारखे वाटतात, पण शरीर आतल्या आत कामाला लागलेलं असतं. परत येताना मात्र झत्रवा लावरून बिनधास्त या, तोवर सवय झालेली असते.

कोठेच्या पुढेही तेच. कोठे ३६००, थाकनाक ४३५०, खारे ५०४५. ३००० च्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं असं डॉक्टर सांगतात. इथे गावंच अशी आहेत की उडी सातशेची पडते, त्यामुळे थाकनाकला एक जादा रात्र आणि खारेला निदान तीन रात्री पाहिजेतच. चौदावाल्याने याच रात्री कापल्या असणार, बघा.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या पहिल्या वेळी मी अशाच एका स्वस्तातल्या ग्रुपबरोबर गेले होते, झत्रवा लावरून, बारा जण. तुली खर्कला चौघांनी ओकून रात्र काढली. मी खारेपर्यंत डोकं धरून गेले, दोन दिवस फक्त लसणाचं सूप, आणि मेरा ला खिंडीत, ५४०० च्या थोडं वर, बर्फात खाली बसले ती उठेचना. आमच्या शेर्प्याने, तो जेमतेम पंचविशीचा असेल, माझी सॅक काढून घेतली आणि म्हणाला, दिदी, पहाड यहीं रहेगा. आम्ही उतरलो. बाराजणांतले तिघेच वर गेले. कंपनीवाल्यांनी नंतर सांगितलं तुमचा फिटनेस कमी पडला. आणि मी दोन वर्षं ते खरं मानलं! दुसऱ्यांदा लांबच्या वाटेने गेले, वजन उलट दोन किलो जास्त होतं, आणि पोचले.

मी २१ वर्षांचा, पुण्यात शिकतो. सध्या रोज जिम. मेरासाठी वेगळी काय तयारी करू? एएमके हा गिर्यारोहणाचा कोर्स केलाय. – पुणे

एएमके केलायस म्हणजे हार्नेस, दोर, डिसेंडर याची भीती नाही, छान, तो भाग तुझा झाला. आता जिम थोडी कमी कर आणि सिंहगडला जा. आतकरवाडीतून वर, पाठीवर आठ-दहा किलो, पाण्याच्या बाटल्या भर म्हणजे उतरताना ओतून देता येतात आणि गुडघे वाचतात. एकदा वर जाऊन पिठलं-भाकरी खाऊन फोटो काढून आलास तर ते व्यायामात धरू नकोस. एका सकाळी सलग दोनदा, न थांबता, आणि तोंडाने गप्पा मारता येतील अशा वेगाने. हा वेग महत्त्वाचा. तुझ्या वयाची मुलं सगळ्यात पुढे पळतात आणि हिमालयात सगळ्यात आधी तीच आडवी होतात, कारण पहिल्या दोन दिवसांत ती पोर्टरशी शर्यत लावतात.

महिन्यातून एकदा लांबचा ट्रेक, राजगड-तोरणा किंवा नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड. समिटचा दिवस दहा-बारा तासांचा असतो, रात्री दोनला निघायचं आणि त्याच दिवशी खारेपर्यंत उतरायचं, तेव्हा पाय दमल्यावरही चालत राहायची सवय हवी. सह्याद्रीत विरळ हवेची तयारी मात्र होत नाही, आपलं कळसूबाईच मुळी १६४६ मीटर, लुक्ला विमानतळ त्याच्या कितीतरी वर.

आणि तुला पुढेही हे करायचं असेल तर उत्तरकाशी, दार्जिलिंग नाहीतर मनालीच्या संस्थेतला बेसिक कोर्स कर. जवळपास महिनाभर जातो, पण विकतचं शिखर आणि शिकून केलेलं शिखर यातला फरक तुला तिथे कळेल. कॉलेजात आहेस तोवर वेळ आहे, नोकरी लागली की चार आठवडे सुट्टी कोण देतं.

उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्सची गोळी घ्यावी का? आमच्या ग्रुपमधे एकजण म्हणतो की ती घेतली की त्रास लपतो आणि माणूस अचानक कोसळतो. – कोल्हापूर

त्रास लपत नाही. ती पेनकिलर नाही, तिच्यामुळे श्वास जरा जास्त चालतो आणि शरीराला उंचीची सवय लवकर होते. नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला सुरुवात करायच्या आदल्या दिवसापासून, पण घ्यायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, विशेषतः सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं उठावं लागतं, उणे पंधरात स्लीपिंग बॅगमधून बाहेर यायचं म्हणजे काय ते समजेलच.

गोळी घेतली म्हणून कार्यक्रम घाईचा चालेल असं मात्र नाही. आणि दोन गोष्टी ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहीत पाहिजेत. बसल्या जागी धाप लागतेय, खोकला थांबत नाही, म्हणजे फुप्फुसात पाणी होत असू शकतं. सरळ रेषेत टाच-चवडा लावून चालता येत नाही, दारू प्यायल्यासारखा तोल जातोय, असंबद्ध बोलतोय, म्हणजे मेंदूला सूज. दोन्हीत सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी खाली उतरवायचं. उतरणं हेच औषध, बाकी सगळं त्याच्या जोडीला.

एके ठिकाणी उंची ६४७६ दिलीय, एके ठिकाणी ६४६१, आणि एकाने तर ६६५४ छापलीय. नक्की किती? – ठाणे

बारीक वाचताय, बरं वाटलं. मेराला एकापेक्षा जास्त टोकं आहेत. उत्तरेचं ६४७६, मधलं ६४६१. जवळपास सगळे ग्रुप मधल्यावर जातात आणि ६४७६ चं सर्टिफिकेट घेऊन येतात, माझ्याकडेही तेच आहे, भिंतीवर लावलेलं नाही. ६६५४ हा आकडा चुकीचा आहे, एकाने छापला की दुसरा उतरवतो. पंधरा मीटरने बाकी काही बिघडत नाही, हवा स्वच्छ असेल तर वरून एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, चो ओयू आणि लांबवर कांचनजुंगा अशी पाच आठ हजारी शिखरं एकाच जागी उभं राहून दिसतात.

पाळी त्याच दिवसांत येणार आहे. कुणाला विचारायला संकोच वाटतो. – गाव नको छापू

नाही छापलं. पाळी आहे म्हणून शिखर अडत नाही. पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर डॉक्टरांशी नीट बोल आणि उंचीवर जाणार आहेस हे सांग, कारण काही हार्मोनच्या गोळ्यांनी रक्त गोठायचा धोका वाढतो. मी घेत नाही. कप वापरत असशील तर दोन-तीन महिने घरी सराव करून मगच ने, तिथे शिकायला जाऊ नकोस. हात धुवायला सॅनिटायझर छातीशी ठेव, गोठत नाही पण इतका गार होतो की बोटं बधिर होतात. वापरलेलं सगळं डबल पिशवीत भरून खाली आणायचं. आणि शेर्प्याला सांग, त्यांना यात काही नवीन नसतं, लाजतो तो आपणच.

दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार आहे. पासपोर्ट लागतो का? आणि विमा? – औरंगाबादहून, चौघे मित्र, वय ४८ ते ५६

ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला, हवा एप्रिल-मेपेक्षा स्वच्छ असते, थंडी जास्त. आपल्याला व्हिसा नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही, विमानतळावरून परत आलेली माणसं मला माहीत आहेत. सीझनमधे लुक्लाची बरीच विमानं काठमांडूहून न सुटता रामेछापहून सुटतात, त्यासाठी मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडीने जायचं. सामान पंधरा किलोच्या आत. लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर, तीही उतरती, ढग आले की सगळं बंद, त्यामुळे परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. भाऊबीजेला घरी पोचतो असं बहिणीला कबूल करू नका.

विम्यात नुसतं 'ट्रेकिंग' नाही तर किती मीटरपर्यंत आणि दोर-क्रॅम्पॉन वापरून केलेली चढाई चालते का हे लेखी विचारा, बऱ्याच पॉलिसी तिथेच हात वर करतात. हेलिकॉप्टर गरज असेल तरच. किरकोळ त्रासालाही उठवून न्यायचे आणि विमा कंपन्यांना भलंमोठं बिल लावायचे असे प्रकार उघडकीला आले म्हणून २०१८ मधे नेपाळ सरकारला चौकशी करावी लागली होती.

तुमचं वय अडचण नाही, पन्नाशीची माणसं हळू चालतात म्हणून उलट जास्त पोचतात. बीपी, शुगर, हृदय तपासून घ्या, दोन्ही हातात काठ्या घ्या. बर्फात घालायचे डबल बूट इथून विकत आणू नका, काठमांडूत ठमेलला नाहीतर थेट खारेत भाड्याने मिळतात, पण दोन जाड मोजे घालून दुकानातच अर्धा तास फिरून बघा आणि एक नंबर मोठाच घ्या. उतरताना अंगठा पुढे आपटला ना तर नख काळं पडून गळतं, माझं गेलं होतं, यायला आठ महिने लागले.