आधी मीटर लावा, मग एफडीकडे बघू

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणाऱ्या, ५७ वर्षांच्या या काकांचा पिथमपूरला छोटा कारखाना आहे. ते, त्यांचे साडू आणि एक डॉक्टर मित्र अशा तिघांचं मिळून १९८० सालचं सेसना १७२ विमान आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्याचा विजेचा घोटाळा सुटत नाही. अ‍ॅमीटरचा काटा डावीकडे-उजवीकडे नाचतो, लँडिंग लाइट लावला की लो व्होल्टेजचा दिवा लुकलुकतो आणि कोरड्या दिवशी सगळं आपोआप ठीक होतं. वर्षभरात अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र), रेग्युलेटर (त्या विजेचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) आणि दोन बॅटऱ्या बदलून ३ लाख ६० हजार गेले. आता सगळं वायरिंग आणि पॅनेल नवं करायचं १३ लाख ५० हजारांचं कोटेशन आलंय. काकांचा वाटा साडेचार लाख. त्यासाठी मुलीच्या लग्नाची एफडी मोडायची, की साडूंना आपला हिस्सा ६ लाखांत देऊन मोकळं व्हायचं, हा त्यांचा प्रश्न आहे. लग्न फेब्रुवारीत आहे.

माझं उत्तर असं, की आत्ता यातलं काहीच करू नका. बिघाड कुठे आहे हे अजून कुणी मोजलेलंच नाही, आणि न मोजलेल्या बिघाडावर साडेचार लाख घालणं किंवा त्याच्या धाकाने हिस्सा विकणं, दोन्हींत तुमचंच नुकसान आहे.

मी इंजिनिअर नाही. पण माझे बाबा हवाई दलात इलेक्ट्रिकल फिटर होते, ग्वाल्हेरला महाराजपुरा तळावर त्यांची बरीच नोकरी झाली. नवा भाग मागायच्या आधी आकडा दाखव, हे घरात लहानपणापासून ऐकलंय. तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. काटा नाचतोय हे ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मास्टर स्विचचा, म्हणजे विमानाची वीज चालू-बंद करणाऱ्या मुख्य बटणाचा.

त्यामागचं कारण तुमच्या पैशाशी थेट जोडलेलं आहे, म्हणून सांगते. अल्टरनेटरने किती वीज द्यायची हे त्याच्या फील्डमधल्या, म्हणजे चुंबक तयार करणाऱ्या वेटोळ्यातल्या, छोट्या करंटवर ठरतं, आणि तो करंट रेग्युलेटर कमी-जास्त करतो. तुमच्यासारख्या जुन्या सेसनात बस बारपासून (जिथून सगळीकडे वीज वाटली जाते ती धातूची पट्टी) रेग्युलेटरपर्यंतची तार ब्रेकरमधून (करंट जास्त झाला की आपोआप तुटणारं बटण), मास्टर स्विचच्या अल्टरनेटरवाल्या अर्ध्या भागातून आणि एक-दोन कनेक्टरमधून जाते. करंट त्याच वाटेने जातो आणि व्होल्टेज किती आहे हेही रेग्युलेटर त्याच वाटेवर बघतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्या स्विचचे काँटॅक्ट काळे पडले, टर्मिनल सैल झालं, ओल शिरली, की त्या वाटेत रोध वाढतो. मग रेग्युलेटरला व्होल्टेज कमी दिसतं, तो फील्ड वाढवतो, करंट वाढला की त्या रोधावर आणखी व्होल्ट गळतात, मग तो मागे घेतो, पुन्हा वाढवतो. काटा नाचतो तो असा. अशा वेळी अल्टरनेटर आणि रेग्युलेटर दोघेही ठणठणीत असू शकतात. प्रत्येक नव्या भागानंतर दोन-तीन आठवडे बरे गेले असं तुम्ही लिहिलंय. भाग बदलताना कनेक्टर काढून पुन्हा दाबले जातात, त्या घासण्यानेही काही दिवस बरं वाटू शकतं. आणि नीट चार्ज न होणारी लेड-अ‍ॅसिड बॅटरी सल्फेट धरून लवकर बसते. पहिल्या नव्या बॅटरीचा जीव कदाचित त्यातच गेला.

हे तपासायला इंजिन चालू करावं लागत नाही. परवानाधारक इंजिनिअर मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारी, बॅटरीवर न चालणारी यंत्रं) बंद आहेत याची खात्री करून मास्टरचे दोन्ही भाग चालू करतो. इंजिन बंद असलं तरी फील्डमधून करंट वाहतोच. मल्टिमीटरची एक पिन बस बारवर, दुसरी रेग्युलेटरच्या इनपुटवर. आकडा जवळजवळ शून्य, फार तर दशांशात यायला हवा. तिथे एक व्होल्ट किंवा त्याहून जास्त आला, तर पिन एकेक टप्पा पुढे सरकवायची: ब्रेकरच्या पुढे, स्विचच्या पुढे, कनेक्टरच्या पुढे. जिथे आकडा एकदम वाढतो त्याच्या अलीकडचा भाग दोषी. तशीच मोजणी बॅटरी ते इंजिन ते बॉडी अशा ग्राउंडची, स्टार्टर फिरवताना. बॅटरीची क्षमता वेगळी मोजायची, कंपनीच्या मर्यादेखाली, साधारणपणे ८० टक्क्यांखाली उतरली असेल तर ती जायलाच हवी.

या कामाला तिघांनी मिळून ६० हजारांची मर्यादा घाला. तुमचे २० हजार, तेही बचत खात्यातून. अट एकच, की प्रत्येक ठिकाणचा आकडा कागदावर लिहून मिळाला पाहिजे. नोव्हेंबरात तुमच्या विमानाची वार्षिक तपासणी आहेच. सीटा, पॅनेल, काउलिंग (इंजिनवरचं झाकण) तेव्हा उघडणारच, तर हे काम त्यातच बसवा. एरवी त्याच उघड-बंदची मजुरी दुसऱ्यांदा भराल.

स्विच, ब्रेकर, टर्मिनल, ग्राउंडची पट्टी निघाली तर खर्च काही हजारांत, फार तर लाखाच्या आसपास राहील असा माझा अंदाज आहे, तोही तिघांत. इथे एक विनंती. साडूंनी सुचवलंय की सियागंजातून तशाच रेटिंगचा स्विच आणून ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेऊ. तसं करू नका. भागासोबत सीए फॉर्म १ (भाग विमानात बसवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र) किंवा परदेशी असेल तर त्याच्या बरोबरीचं प्रमाणपत्र हवं आणि काम परवानाधारकाच्या सहीने व्हायला हवं. तो कागद नसेल तर उडण्यायोग्यतेचा आणि विम्याचा, दोन्ही पाया डळमळतो. दोन हजार वाचवायला तीस-चाळीस लाखांची वस्तू पणाला लावू नये.

उलट मोजणीत जुन्या तारांचं इन्सुलेशन तडकलेलं, कडक झालेलं दिसलं, तर वायरिंग बदलणं खरंच गरजेचं आहे आणि तेव्हा मी अडवणार नाही. पण तेव्हाही आधी इंजिनच्या बाजूच्या तारा करा, तिथे उष्णता आणि तेल जास्त. काचेच्या स्क्रीनचं नवं पॅनेल ही हौस आहे. हौसेला माझी ना नाही, फक्त ती दुरुस्तीच्या बिलात लपून येऊ नये. तुमच्या कोटेशनमध्ये निम्म्याहून जास्त रक्कम त्या पॅनेलची आहे.

त्याच कोटेशनमध्ये ५ लाखांच्या मजुरीवर १८ टक्के जीएसटी लावलाय. विमानाच्या देखभाल-दुरुस्ती सेवेवर १ एप्रिल २०२० पासून ५ टक्के दर आहे. फरक ६५ हजारांचा होतो. त्यांना लेखी विचारा.

आता एफडी. लग्नाचे २२ लाख या विमानाला दाखवूसुद्धा नका. मुदतीआधी मोडलीत तर बँक जितके दिवस ठेव राहिली तितक्याच दिवसांचा दर देते, वर बहुतेक ठिकाणी अर्धा ते एक टक्का दंड कापते. आणि सभागृह, केटरर, दागिने यांचे हप्ते डिसेंबरपासून सुरू होतील. मोजणीनंतर खरंच मोठा खर्च निघाला, तर तो मार्चमध्ये करू. तोपर्यंत विमान जमिनीवर राहिलं तरी चालेल.

हिस्सा विकण्याबद्दल जरा कडू बोलते, रागावू नका. गेल्या वर्षी तुम्ही ११ तास उडालात. हँगर, विमा, तपासणी यांचा तुमचा वाटा २ लाख ४० हजार, म्हणजे इंधन सोडून तासाला जवळजवळ २२ हजार. दुरुस्तीचा वाटा धरला तर पावणेतेहतीस हजार. तेच दुरुस्ती न धरता तुम्ही ३० तास उडालात तर ८ हजार. पण तुम्हीच लिहिलंय की भरवसा वाटत नाही म्हणून उडणं कमी झालं. म्हणून आज विकू नका. कारण न समजलेल्या बिघाडासकट विकलेल्या हिश्श्याला भाव येत नाही, आणि साडूंच्या सहा लाखांत तोच बिघाड वजा केलेला आहे. दुरुस्तीनंतर एक वर्ष द्या. पुढच्या दिवाळीपर्यंत २५ तास झाले नाहीत, तर विका, आणि तेव्हा किंमत तिऱ्हाइताकडून ठरवून घ्या.

डॉक्टरांची कल्पना, शिकणाऱ्या मुलांना तासावर देऊन खर्च काढायची, ती सोडून द्या. खासगी वापरासाठी नोंदलेलं विमान भाड्याने चालवता येत नाही.

त्याऐवजी तिघांनी एक वेगळं खातं काढा. जो उडेल त्याने तासाला १,५०० रुपये त्यात टाकायचे. तिघे मिळून वर्षाला ८० तास उडालात तर १ लाख २० हजार जमतात. मॅग्नेटोची ५०० तासांची तपासणी, अल्टरनेटरचे ब्रश, पुढची बॅटरी, हे सगळं येणारच आहे हे माहीत आहे. २५ हजारांवरच्या खर्चाला तिघांची सही लागेल आणि कुणी बाहेर पडला तर किंमत कशी ठरेल, एवढं एका पानावर लिहून घ्या. साडूंबरोबर असं लिहून घ्यायला अवघड वाटेल. पण फेब्रुवारीत त्याच मांडवात दोघांना शेजारी उभं राहायचंय, तेव्हा लग्नाआधीच लिहिलेलं बरं.

एक गोष्ट पैशाची नाही, तरी लिहिते. उडलेला अल्टरनेटरचा ब्रेकर हवेत तीनदा दाबला, असं तुम्ही सहज लिहून गेलात. ब्रेकर तारेला वाचवतो. बाबा म्हणाले, थंड होऊ द्यायचा, एकदाच दाबायचा, पुन्हा उडाला तर तसाच ठेवून उतरायचं. तुमचं इंजिन मॅग्नेटोवर चालतं, इंधन वरच्या पंखांतून आपल्या वजनानेच उतरतं, त्यामुळे वीज गेली म्हणून ते बंद पडणार नाही. पण रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारवर विमानाची ओळख देणारं यंत्र), फ्लॅप (उतरताना पंखांमागून खाली येणाऱ्या पट्ट्या) जातात, आणि इंदूरच्या आकाशात प्रवासी विमानांची ये-जा असते. बिघाड सापडेपर्यंत उडूच नका.

लहानपणी वडिलांचं बोट धरून बिजासन टेकडीवरून विमानं बघायचो, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. म्हणूनच मला हा हिस्सा घाईने जायला नकोय. नोव्हेंबरात मोजणीचा कागद हातात आला की त्याचा फोटो मला पाठवा. बस बार ते रेग्युलेटरचा आकडा काय आलाय, हे बाबा आणि मी दोघेही बघू, आणि मार्चचा हिशेब त्यावरून मांडू.