आधी पुराव्याचा हिशेब मांड

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

टिपण वाचलं. धार्मिक छळाच्या इतिहासावर लिहायचं ठरवून तू फ्रान्समधल्या तुलूझचा कालास खटला निवडलास, म्हणजे कॅथलिक होऊ पाहणाऱ्या मुलाला मारल्याचा आरोप प्रोटेस्टंट बापावर ठेवणारा, हे उत्तम. पण 'धर्मांध', 'अमानुष', 'काळोखं युग' हे शब्द इतक्यांदा आलेत की त्यांच्या गर्दीत खटलाच हरवला आहे. न्यायाधीश दुष्ट होते असं एकदा म्हटलं की शोधायला काही उरत नाही. त्यांच्यातले बरेच जण स्वतःला कायद्याला धरून वागणारे समजत होते. असा समज असूनही ते तिथे कसे पोचले, हा तुझा विषय आहे.

म्हणून लिखाण आठवडाभर बाजूला ठेव आणि एक तक्ता कर. रकाने चारच: तारीख, कोण बोललं, त्याने डोळ्यांनी पाहिलं की कानांनी ऐकलं, आणि नेमकं काय विचारल्यावर ते सांगितलं. चौथा रकाना सगळे जण गाळतात. जुन्या खटल्यात उत्तरापेक्षा प्रश्न जास्त बोलतो.

पहिली ओळ १३ ऑक्टोबर १७६१ ची. झाँ कालास, साठी उलटलेला प्रोटेस्टंट कापडव्यापारी. रात्री घरात पाच जण होते: तो, त्याची बायको, मुलगा पिएर, पाहुणा म्हणून आलेला तरुण लाव्हेस आणि मोलकरीण झान व्हिगिएर. थोरला मार्क-आंत्वान जेवणावरून उठून खाली गेला आणि नंतर दुकानात मेलेला सापडला. घरच्यांनी आधी सांगितलं की तो जमिनीवर पडलेला होता, कुणीतरी बाहेरच्याने मारलं असावं. दोन दिवसांनी जबाब बदलला: तो दाराला लटकलेला होता, आम्ही खाली उतरवला.

इथे घाईने 'खोटं बोलले' असं लिहू नकोस. त्या काळच्या फ्रेंच कायद्यात आत्महत्या हा गुन्हा होता. प्रेतावर खटला चाले, ते रस्त्यातून फरफटत नेलं जाई. बापाला मुलाची ही विटंबना टाळायची होती. म्हणजे कायद्याच्या धाकाने आधी खोटं बोलायला लावलं आणि मग त्याच खोट्याला खुनाचा पुरावा मानलं. तक्त्यात या दोन जबाबांखाली लाल रेघ ओढ.

पुढची ओळ जाहीरनाम्याची. साक्षीदार मिळावेत म्हणून गावातल्या चर्चांमधून एक निवेदन वाचून दाखवलं गेलं: माहिती असून जो गप्प राहील त्याला धर्मबहिष्काराची भीती. त्याची भाषा बारकाईने वाच. मार्क-आंत्वान कॅथलिक होणार होता आणि म्हणून घरच्यांनीच त्याला मारलं, हे त्यात आधीच गृहीत धरलेलं आहे. ऐकीव माहितीही चालेल असं म्हटलं आहे. त्याला जगणं नकोसं झालं होतं का, हा प्रश्न मात्र कुठेच नाही. त्यामुळे पुढे आलेल्या साक्षी एकाच बाजूच्या असणार हे ठरल्यातच जमा होतं. तिसऱ्या रकान्यात 'ऐकलं' हा शब्द किती वेळा लिहावा लागतो ते मोज.

आता दुसरी बाजू. मार्क-आंत्वान कायदा शिकलेला होता, पण वकिली करायला कॅथलिक असल्याचा दाखला लागे आणि तो त्याला मिळेना. प्रोटेस्टंटांना उपासनेची मुभा देणारा नांतचा हुकूम १६८५ मध्ये रद्द झाल्यापासून प्रोटेस्टंटांना कायदेशीर लग्नसुद्धा कॅथलिक पाद्र्यापुढेच करावं लागे. तरुणाच्या निराशेला एवढं कारण पुरेसं होतं, पण ते कुणी विचारात घेतलं नाही. उलट त्याच घरातला लुई आधीच कॅथलिक झालेला होता, जिवंत होता आणि बापाकडून त्याला पैसे मिळत होते. त्याचं मन वळवायला मदत करणारी झान व्हिगिएर स्वतः कॅथलिक, आणि तरीही घरात नोकरीला. खुनाच्या तर्कात या दोन माणसांना जागाच नाही. गावाने मात्र मृताला हुतात्मा ठरवलं होतं. श्वेतवस्त्रधारी कॅथलिक बंधुसंघाने त्याच्यासाठी केलेल्या प्रार्थनेत हुतात्म्याची खूण म्हणून हातात ताडाची फांदी दिलेला हाडांचा सांगाडा उभा केला होता. निकाल लागायचा होता तेव्हाची ही गोष्ट.

यानंतर तुझ्या टिपणातली सर्वांत मोठी उणीव: पुरावा कसा मोजत असत, हे तू कुठेच सांगितलेलं नाहीस. देहदंडाला दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार किंवा कबुली, हा युरोपातला जुना दंडक. तेवढं नसेल पण संशय बळकट असेल तर कबुलीसाठी यातना द्यायची मुभा. नियम मुळात आरोपीच्या रक्षणासाठी होता, पण पुरावा कमी पडला की त्याच नियमाने छळाचं दार उघडलं. आरोपीला वकील नाही, चौकशी बंद दाराआड. अशा वेळी अर्ध्यामुर्ध्या संशयांची बेरीज करून भोक बुजवतात, आणि त्या बेरजेत पूर्वग्रह बिनबोभाट शिरतो. 'प्रोटेस्टंट बाप असं करू शकतो' हे एकदा मनात पक्कं असलं की प्रत्येक अफवेचं वजन वाढतं.

९ मार्च १७६२ ला तुलूझच्या वरिष्ठ न्यायालयात तेरापैकी आठ मतांनी झाँ कालासला मृत्युदंड झाला. दुसऱ्या दिवशी आधी यातना: हातपाय ताणणं, मग तोंडात पाणी ओतणं. मग चाकावर हाडं मोडून मृत्यू. मरताना तो सोबत्यांची नावं सांगेल अशी न्यायाधीशांची अटकळ होती. तो शेवटपर्यंत निर्दोष असल्याचंच सांगत राहिला आणि न्यायालयाची पंचाईत झाली. संध्याकाळभर पाचही जण एकत्र होते, म्हणजे दोषी असतील तर सगळे, नाहीतर कुणीच नाही. तरी पिएरला हद्दपारी आणि बाकीचे सुटले. या निकालाला तर्क नाही, आणि ते दाखवायला एकही विशेषण लागत नाही.

संदर्भही तारखांनीच दे. त्याआधी तीनच आठवडे, १९ फेब्रुवारीला, याच शहरात रोशेत नावाच्या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाला फाशी दिली होती. १५६२ च्या तिथल्या प्रोटेस्टंटांच्या कत्तलीला त्या वर्षी दोनशे वर्षं होत होती, आणि तो दिवस शहर दरवर्षी मिरवणुकीने साजरा करी.

फेरतपासाचं सगळं श्रेय लेखक व्होल्तेअरला देऊन मोकळं होऊ नकोस. त्याच्या लेखणीने युरोप हलला हे खरं, पण पॅरिसला जाऊन दाद मागणारी विधवा आणि एली द बोमाँसारखे वकील नसते तर राजाच्या परिषदेपुढे कागदच गेले नसते. जून १७६४ मध्ये निकाल रद्द झाला, ९ मार्च १७६५ ला कालास निर्दोष ठरला.

आणि इतिहास अंधारातून उजेडाकडे सरळ चालत आला असं सुचवू नकोस. या खटल्याच्या दीडशे वर्षं आधी स्पेनमध्ये, तेही धर्मद्रोह शोधून शिक्षा देणाऱ्या बदनाम इन्क्विझिशन न्यायालयाचाच अधिकारी असलेला आलोन्सो दे सालाझार, चेटकाच्या आरोपांची शहानिशा करत नवारच्या डोंगरात फिरला. लोग्रोन्योला १६१० मध्ये माणसं जाळून झाली होती. त्याने चेटकिणींची म्हणून दाखवलेली मलमं वैद्यांकडून आणि जनावरांवर तपासून घेतली, ती निरुपद्रवी निघाली. कबुली देणाऱ्यांची वर्णनं एकमेकांशी ताडून पाहिली, ती जुळेनात. अठराशेवर लोकांनी कबुली दिली होती, त्यांत बहुतेक लहान मुलं. चेटकाबद्दल बोलणं-लिहिणं सुरू होईपर्यंत तिथे चेटकिणी नव्हत्याच, असा त्याचा निष्कर्ष. १६१४ मध्ये स्पेनच्या इन्क्विझिशनच्या मध्यवर्ती मंडळाने पुराव्याचे नियम कडक केले. तुलूझच्या न्यायाधीशांनी यातलं निम्मं जरी केलं असतं!

जाता जाता आकड्यांबद्दल. चेटकाच्या खटल्यांत नव्वद लाख माणसं मारल्याचं तू लिहिलं आहेस, ते काढून टाक. तो अठराव्या शतकातला ढोबळ अंदाज आहे. आजचे इतिहासकार युरोपभरात चाळीस ते पन्नास हजारांच्या आसपासचा आकडा धरतात. तो पुरेसा भयंकर आहे, आणि फुगवलेला आकडा एकदा पकडला गेला की तुझ्या बाकीच्या पानांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

तक्ता झाला की सिर्व्हाँचं प्रकरण घे. जानेवारी १७६२, त्याच मुलखातलं प्रोटेस्टंट कुटुंब, विहिरीत सापडलेली मुलगी, आरोप तोच. हे लोक वेळीच स्वित्झर्लंडला पळाले, गैरहजेरीत त्यांना मृत्युदंड झाला. १७७१ मध्ये तुलूझच्याच वरिष्ठ न्यायालयाने सिर्व्हाँला निर्दोष सोडलं. यातना देण्याची तरतूद तेव्हाही कायद्यात होती, कबुलीसाठीच्या यातना १७८० मध्ये गेल्या. प्रोटेस्टंटांच्या लग्नाला मान्यता १७८७ ची. बदललं होतं ते न्यायालय: १७७१ मध्येच राजाचा चान्सलर मोपू याच्या सुधारणांमध्ये जुने न्यायाधीश जाऊन नवे बसले होते. मी वर नियमांवर एवढा भर दिला, त्याला हे प्रकरण कितपत छेद देतं ते तूच पडताळ, आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून मला पाठव.

तुझा,
मार्गदर्शक