"शुगर नाही, मग शुगरची गोळी कशाला?"

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका. बीपी जुनं, क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साचणारा घटक) वाढलेलं, लघवीतून प्रोटीन जाणारं. किडनीच्या डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम ही मुळात शुगरची गोळी लिहून दिली. मेडिकलवाल्याने सहज विचारलं, "शुगर कधीपासून?" तिथंच घोळ झाला. काकी सांगलीला माझ्याकडे आल्या ते न फोडलेलं पाकीट घेऊनच. "मॅडम, ह्यांना शुगर न्हाई. गोळी खाऊन बागेत चक्कर येऊन पडलं म्हंजे?"

ही शंका मी नेहमी ऐकते, आणि ती रास्तच आहे. मी सांगितलं, ही गोळी किडनीतच काम करते. गाळलेली साखर रक्तात परत घेण्याची वाट ती अडवते. थोडी साखर आणि मीठ लघवीवाटे निघून जातं, किडनीतल्या गाळण्यांवरचा दाब उतरतो. मधुमेह नसलेल्याची साखर एकट्या या गोळीने सहसा धोक्याइतकी उतरत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या डापा-सीकेडी या गोळीच्या चाचणीत जुन्या किडनीविकाराचे ४३०४ रुग्ण होते. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हता, तरी त्यांच्या किडनीला फायदा झाला.

काका मधेच म्हणाले, "डॉक्टर नसांचं पण कायतरी बोलत हुते." तेही खरं. आजारी किडनी आपल्या नसांमधून मेंदूला सारखे इशारे देते. चोर नसताना वस्तीवरचं कुत्रं रात्रभर भुंकावं, तशी अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे शरीराला सावध ठेवणाऱ्या नसांचं जाळं, जागी राहते. रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतो, हृदयावर ताण येतो. या गोळीने बीपी थोडा उतरतो, पण नाडी वाढत नाही. म्हणून ती या नसांनाही शांत करत असावी, असा संशोधकांचा कयास आहे. माणसांत ते अजून तपासलं जातंय. मी स्पष्ट सांगितलं, "नसांसाठी नको, किडनीसाठी म्हणून घ्या."

मला खरी काळजी काकांच्या निर्जळी एकादशीची होती. कडक उपवास, उलट्या-जुलाब किंवा ऑपरेशन असेल तर ही गोळी काही दिवस थांबवावी लागते. डॉक्टरांना आधी विचारायचं. लघवीच्या जागी खाज आली तर लाजून गप्प बसायचं नाही. सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वाढू शकतं, तेवढ्यावरून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

महिन्याभरानं काकींचा घाबरून फोन. "लघवीत साखर निघाली की वो!" एवढं मात्र मी सांगायला हवं होतं असं त्या म्हणाल्या, मी सांगितलं होतं, पण असो. गोळी चालू असेपर्यंत त्या रिपोर्टात साखर दिसणारच. रक्तातली साखर नॉर्मल होती.